अमेरिकेच्या इतिहासाचा प्रथम पाठ्यक्रम आणि पाठशुद्धीचा प्रश्न

अमेरिकेतील संयुक्त संस्थानांच्या महाविद्यालयांत नवीन विद्यार्थ्यांस स्वदेशाच्या इतिहासाचा एक समग्र परंतु संक्षिप्त पाठ्यक्रम शिकविण्याची रीति आहे. त्याचे बहुधा दोन भाग असतात. पहिला भाग मूळच्या रहिवाशांपासून व युरोपियनांच्या वसाहतींपासून निघून यादवी युद्धाच्या अखेरीस, म्हणजे इ. स. १८६५ त, किंवा युद्धोत्तर पुनर्घटनेच्या समाप्तीस, म्हणजे इ. स. १८७७ त संपतो. दुसरा तेथून आजच्या काळापर्यंत येतो. पाठ्यक्रमाच्या आरंभीं अध्यापक एक नियमपत्र विद्यार्थ्याच्या हातीं देतो. वर्गांत हजर असावें, नेमलेलें वाचन आधीं करून यावें, चर्चेत बोलावें, निबंध मुदतींत द्यावा, उशीर झाल्यास गुण कमी होतील, असें त्यांत लिहिलेलें असतें. त्याखेरीज दोन कलमें बहुतेक ठिकाणीं आढळतात. एक असें कीं, विधानास समकालीन कागदाचा आधार द्यावा. दुसरें असें कीं, दुसऱ्याचें वाक्य आपलें म्हणून देऊं नये व आधार म्हणून घेतलेलें वाक्य जसेंच्या तसें द्यावें.

वरवर पाहणारास हें पत्रक कोरडें वाटेल. परंतु जुन्या कागदांत वावरणारास ठाऊक आहे कीं, ज्या गोष्टीचा निषेध पुन्हां पुन्हां करावा लागतो ती गोष्ट केव्हां तरी, कोणी तरी केलेली असते. प्रस्तुत प्रकरणीं ती गोष्ट कोणा आळशी विद्यार्थ्यानें केली नव्हती. अमेरिकेंत या विषयाच्या अध्यापनाचा पाया ज्यानें घातला त्या विद्वानाच्या हातूनच ती घडली. ती हकीकत आपल्या संशोधकांस व संग्राहकांस उपयोगी वाटल्यावरून येथें देत आहें.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्या देशांतील महाविद्यालयांत इतिहास शिकविण्याची पद्धति म्हणजे पाठ म्हणून घेण्याची होती. विद्यार्थ्यानें पुस्तकांतील नेमलेलीं पानें तोंडपाठ करावीं आणि शिक्षकानें विचारतांच म्हणून दाखवावीं. आपल्याकडील वैदिकांच्या पाठांतराशीं तिची तुलना करण्याचा मोह होईल; पण तो टाळला पाहिजे. पदपाठ, क्रमपाठ इत्यादि योजना मूळ ग्रंथाचें अक्षर न् अक्षर राखण्यासाठीं होत्या. येथें पाठ केला जाई तो मूळ ग्रंथ नव्हे, तर कोणी तरी केलेला त्याचा सारांश. विद्यार्थ्याची मूळ कागदाशीं गांठ पडतच नसे.

अशा काळीं, इ. स. १८३८ मध्यें, हार्वर्ड येथें जॅरेड स्पार्क्स (१७८९–१८६६) याची इतिहासाच्या अध्यासनावर नेमणूक झाली. धर्मसंस्थेचा इतिहास सोडून इतर इतिहासासाठीं नेमलेला त्या देशांतील पहिला प्राध्यापक असें त्यास सामान्यतः मानतात. त्यानें अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावर व्याख्यानें दिलीं व पुढें इ. स. १८४९ पासून १८५३ पर्यंत तो त्या विद्यापीठाचा अध्यक्ष होता. त्याच्या व्याख्यानांमागें परिश्रम होते. वॉशिंग्टनचा पुतण्या बुशरॉड वॉशिंग्टन याजकडून परवानगी मिळवून त्यानें इ. स. १८२७ मध्यें माउंट व्हर्नन येथील दप्तर बॉस्टन येथें नेलें. पुढें लंडन व पॅरिस येथील सरकारी दप्तरेंही त्यानें पाहिलीं. या सर्वांतून वॉशिंग्टनच्या लेखनाचे बारा खंड इ. स. १८३४ ते १८३७ या अवधींत बाहेर पडले. एका माणसाच्या हातून एवढें काम झालें याबद्दल त्याचें ऋण मान्य केलेंच पाहिजे.

परंतु स्पार्क्सनें पत्रें छापलीं तीं जशीं होतीं तशीं छापलीं नाहींत. वॉशिंग्टननें सेनापति इस्रायल पुटनम याचा उल्लेख सलगीनें 'ओल्ड पुट' असा केला असेल, तेथें स्पार्क्सच्या प्रतींत 'जनरल पुटनम' आला. एक लाख डॉलरची रक्कम आपल्या गरजेपुढें पिसवेच्या चाव्याएवढी आहे, असें सेनापतीनें रागानें लिहिलें होतें. छापील पुस्तकांत ती रक्कम केवळ सर्वथा अपुरी ठरली. शुद्धलेखन सुधारलें, व्याकरण सुधारलें, कांहीं वाक्यें गाळलीं, आणि हें सर्व कोठें केलें हें वाचकास दाखविलें नाहीं. राष्ट्रपुरुषाच्या तोंडीं अशिष्ट शब्द शोभत नाहींत हा त्यामागील भाव होता. हेतु वाईट नव्हता. पण पैशाच्या टंचाईनें गांजलेला, चिडलेला, विनोद करणारा जो माणूस पत्रांत होता तो पुस्तकांत उरला नाहीं.

याहूनही दुःखद एक गोष्ट आहे. इ. स. १७८९ मध्यें अध्यक्षपद स्वीकारतांना करावयाच्या भाषणाचा एक लांबलचक मसुदा वॉशिंग्टननें स्वहस्तें उतरून ठेविला होता. साठांहून अधिक पानांचा. तें भाषण त्यानें केलें नाहीं. स्पार्क्सनें मॅडिसनचा सल्ला घेऊन तो मसुदा छापण्याजोगा नाहीं असें ठरविलें. येथपर्यंत संपादकाचा अधिकार म्हणतां येईल. परंतु पुढें त्यानें त्या पानांच्या चिंधड्या करून, वॉशिंग्टनचें हस्ताक्षर मागावयास येणाऱ्या स्नेह्यांस व संग्राहकांस त्या वाटून टाकिल्या. त्यानंतरच्या अभ्यासकांस ते तुकडे ठिकठिकाणांहून हुडकून त्यांची जुळणी करीत बसावें लागलें. आणि तो मसुदा आज संपूर्ण असा कोठेंही नाहीं. दप्तराचा मोठा भाग काँग्रेसनें इ. स. १८३४ व १८४९ मध्यें विकत घेऊन राष्ट्राच्या ताब्यांत आणिला म्हणून बाकीचें वांचलें. आपल्या संग्राहकांनीं हा प्रसंग लक्षांत ठेवावा. कागद नष्ट करणारा दर वेळीं कसर किंवा अग्नि नसतो. कधीं कधीं तो त्या कागदावर प्रेम करणारा असतो.

स्पार्क्सची लबाडी उघडकीस आली, असें या प्रकरणाचें वर्णन करणें सोपें आहे. पण तें न्यायाचें होणार नाहीं. इ. स. १८४७ मध्यें विल्यम रीड यानें आपले आजोबा जोसेफ रीड यांचें चरित्र व पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. त्यांत वॉशिंग्टनचीं पत्रें होतीं. दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून पाहणारांस फरक दिसूं लागले. इंग्रज इतिहासकार लॉर्ड माहन यानें इ. स. १८५१ मध्यें स्पार्क्सवर उघड आरोप केला कीं, त्यानें पत्रांत फेरफार केले, कांहीं गाळलें व कांहीं पदरचें घातलें. स्पार्क्सनें पुढील वर्षीं उत्तर दिलें. तेव्हां असें निघालें कीं, पदरचें घातल्याचा जो आरोप होता त्याचा आधार रीडच्या पुस्तकांतील गळलेला मजकूर होता! मूळ पत्रांत तो मजकूर होताच. माहनला तेवढा आरोप मागें घ्यावा लागला. शिवाय वॉशिंग्टननेंच उतारवयांत आपल्या तरुणपणच्या पत्रवह्यांतील भाषा सुधारली होती. म्हणून वहींतील नक्कल व प्रत्यक्ष पाठविलेलें पत्र यांत मुळांतच भेद होता, ही स्पार्क्सची दुसरी सबबही अगदींच पोकळ नव्हती.

संस्कृत ग्रंथांचे पाठ लावणारास यांत नवल वाटणार नाहीं. कर्त्यानें स्वतः केलेली दुरुस्ती, लेखकाची नजरचूक आणि शहाण्या शोधकाचा हस्तक्षेप हे तीन निराळे दोष आहेत, व त्यांचे उपायही निराळे. यांपैकीं तिसरा सर्वांत घातक. कारण अडाणी लेखकाची चूक चूक म्हणून ओळखूं येते, पण विद्वानाची दुरुस्ती मूळ पाठापेक्षां अधिक मूळची दिसते. पोथीच्या शेवटीं आपले लेखक, जसें पाहिलें तसें उतरलें, दोष मजकडे नसावा, अशी विनवणी करीत. ती नुसती नम्रता नसून तें एक व्रत होतें. स्पार्क्सचा अपराध सुधारणा केल्याचा जेवढा, त्याहून ती न सांगितल्याचा अधिक आहे.

आतां वर सांगितलेले नियम या एका वादांतून निघाले असें म्हणतां येणार नाहीं. ते जर्मन विद्यापीठांच्या वळणावर घडले. इ. स. १८६९ मध्यें मिशिगन येथें चार्ल्स केंडल ॲडम्स यानें परिषद्वर्ग, म्हणजे मेजाभोवतीं बसून मूळ साधनांची छाननी करण्याचा वर्ग, सुरू केला; हार्वर्ड येथें हेन्री ॲडम्स यानें व इ. स. १८७६ मध्यें स्थापन झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत हर्बर्ट बॅक्स्टर ॲडम्स यानें ती रीति वाढविली. इ. स. १८८४ मध्यें अमेरिकन इतिहास परिषद स्थापन झाली. तरी हे सर्व वरच्या वर्गांपुरतें होतें. साधनें नवशिक्या विद्यार्थ्याच्या हातीं देण्याच्या प्रयत्नांत हार्वर्डच्या आल्बर्ट बुशनेल हार्ट याचें नांव प्रथम घ्यावें लागतें. त्यानें एडवर्ड चॅनिंगच्या सहकार्यानें इ. स. १८९६ मध्यें अभ्यासकांसाठीं मार्गदर्शिका काढली व इ. स. १८९७ ते १९०१ या काळांत समकालीनांच्या मुखानें सांगितलेला अमेरिकेचा इतिहास चार खंडांत संकलित केला. पुढें इ. स. १९०५ मध्यें प्रिन्स्टन येथें वुड्रो विल्सन यानें लहान लहान गटांत चर्चा घेणारे उपाध्यापक नेमले. व्याख्यान, साधनवाचन व गटचर्चा हीं आजच्या नियमपत्रांतील तीन अंगें अशीं निरनिराळ्या ठिकाणांहून येऊन मिळालीं आहेत.

या पाठ्यक्रमाकडून काय अपेक्षावें याविषयीं मात्र त्या देशांत एकमत झालें नाहीं. न्यूयॉर्क टाइम्स या पत्रानें छत्तीस महाविद्यालयांतील सुमारें सात हजार नवीन विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन तिचा निकाल एप्रिल १९४३ मध्यें छापला. मूळच्या तेरा वसाहतींचीं नांवें शेंकडा सहांनाच सांगतां आलीं. देश महायुद्धांत असतां हें अज्ञान उघड झाल्यामुळें मोठा गवगवा झाला, आणि इतिहास सक्तीचा करावा अशी मागणी जोरावली. वसाहतींचीं नांवें येऊं नयेत हें लाजिरवाणें खरें. पण तीं नांवें पाठ म्हणणारा विद्यार्थी स्पार्क्सच्या पुस्तकांतील वॉशिंग्टन व दप्तरांतील वॉशिंग्टन यांतील भेद ओळखील असें थोडेंच आहे? नांवें विसरतात, कागदास प्रश्न विचारण्याची संवय लागली तर ती राहते.

त्या संवयीची गरज किती, हें दुसऱ्या एका उदाहरणानें स्पष्ट होईल. इ. स. १९३६ ते १९३८ या वर्षांत सरकारी योजनेनें सतरा संस्थानांत फिरून, पूर्वी गुलाम असलेल्या वृद्ध स्त्रीपुरुषांच्या दोन हजारांहून अधिक मुलाखती लिहून घेतल्या गेल्या. या पाठ्यक्रमांत त्यांतील उतारे आतां नेहमीं वाचले जातात. लिहून घेणारे बहुतेक गोरे होते. सांगणारे त्यांच्याच गांवांत राहणारे, दरिद्री व भिडस्त. उच्चार दाखविण्यासाठीं शब्द वेडेवांकडे लिहिले आहेत. स्पार्क्सनें थोराची भाषा उजळली, येथें दुबळ्याची भाषा मुद्दाम ओबडधोबड केली गेली असण्याचा संभव आहे. दोन्ही ठिकाणीं प्रश्न एकच: बोलणारा कोण, लिहिणारा कोण, व मध्यें काय झालें?

स्पार्क्सच्या आवृत्तीचें पुढें काय झालें? वर्थिंग्टन फोर्ड यानें इ. स. १८८९ ते १८९३ मध्यें चौदा खंड काढले. जॉन फिट्झपॅट्रिक याचे एकोणचाळीस खंड इ. स. १९३१ ते १९४४ या काळांत निघाले, आणि इ. स. १९६८ मध्यें व्हर्जिनिया विद्यापीठानें, वॉशिंग्टननें लिहिलेलीं व त्यास आलेलीं अशीं सर्व पत्रें छापण्याचें काम नव्यानें हातीं घेतलें. एका माणसानें न सांगतां केलेली सुधारणा पुसावयास तीन पिढ्यांहून अधिक काळ लागला.

आपल्याकडे हार्टचे खंड निघत होते त्याच सुमारास, इ. स. १८९८ मध्यें, राजवाड्यांनीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि इ. स. १९१० मध्यें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. अस्सल कागद आधीं, इतिहास मागून, हा दंडक आपल्या संशोधकांनीं कोणाचें नियमपत्र न वाचतां घालून घेतला. उणें एवढेंच कीं, तो संशोधकांपुरता राहिला. महाविद्यालयांत नव्यानें येणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातीं एखादें मोडी पत्र, त्याचें लिप्यंतर व त्यावरून लिहिलेला उतारा हीं तीन शेजारीं ठेवून, यांत काय बदललें तें सांग, असें आपण क्वचितच म्हणतों. हा खर्चाचा प्रश्न नाहीं. मंडळाच्या सभासदांपाशीं असे कागद आहेत, आणि एक पत्र एका तासास पुरतें.

अलीकडे अमेरिकेंतील नियमपत्रांत आणखी एक कलम पडूं लागलें आहे: निबंध यंत्राकडून लिहवून किंवा सुधारून घेऊं नये, घेतल्यास तसें सांगावें. साधन नवें असलें तरी नियम जुनाच आहे. स्पार्क्सलाही भाषा नीटनेटकी करावयाची होती. ज्यानें बदल केला त्यानें तो दाखवावा, एवढेंच मागणें तेव्हां होतें व आजही आहे. ज्यांच्या घरीं दप्तरें आहेत त्यांनीं नक्कल करतांना अशुद्ध तें अशुद्धच उतरावें, आपली दुरुस्ती कंसांत घालावी, गाळलें तेथें ठिपके द्यावे. आणि कोणी कितीही आदरानें हस्ताक्षराचा तुकडा मागितला तरी कात्री उचलूं नये.