फिल्मची डबी, वेबकॅम आणि मंगळाचे कालवे

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून एक बुटांचं खोकं खाली आलं. आत जुन्या पावत्या, बंद पडलेली दोन घड्याळं आणि तळाशी अंड्याएवढा एक वेबकॅम. त्याच्या तोंडावर फोटोच्या रोलची काळी डबी चिकटवलेली. नात म्हणाली, "आबा, हे काय? टाकून देऊ?" मी घाईघाईनं तो हातातून काढून घेतला. त्या डबीमागे एक गोष्ट आहे, आणि त्यातला थोडा भाग मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. मंडळी, आज जरा लांबण लावणार आहे. मास्तरांची सवय, सांभाळून घ्या.

सुरुवात मंगळापासून करतो. 1659 साली ख्रिस्तियान हायगेन्सनं दुर्बिणीतून मंगळावरचा एक काळपट डाग बघून त्याचं चित्र काढलं. त्यानंतर दोनशे वर्षांहून अधिक काळ ग्रहांची नोंद ठेवण्याची रीत हीच होती. डोळा नेत्रिकेला लावायचा आणि पेन्सिल कागदावर चालवायची. 1877 साली मंगळ पृथ्वीच्या बराच जवळ आला तेव्हा मिलानच्या वेधशाळेत जोव्हानी स्कियापारेल्लीनं 22 सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून त्याचा नकाशा केला. त्यात त्याला बारीक रेषा दिसल्या. त्यांना त्यानं इटालियनमध्ये 'कनाली' म्हटलं. या शब्दाचा अर्थ नुसता चर किंवा ओहोळ असाही होतो, पण इंग्रजीत तो गेला 'कालवे' होऊन. आणि कालवा म्हटला की तो खणणारा कुणीतरी आलाच! अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेल या श्रीमंत गृहस्थानं 1894 साली स्वतःच्या पैशानं फ्लॅगस्टाफला वेधशाळा बांधली आणि मंगळावर शेकडो कालवे रेखाटले. ग्रह वाळत चाललाय, तिथले शहाणे रहिवासी ध्रुवाकडचं पाणी विषुववृत्ताकडे नेताहेत, असं त्यानं पुस्तकं लिहून सांगितलं. लोकांना ते पटलंही.

याच सुमाराला ग्रीनिचच्या एडवर्ड वॉल्टर माँडरला शंका आली. त्यानं केलेला प्रयोग शाळामास्तरांनी तरी वाचावाच असा आहे. 1903 साली त्यानं आणि ग्रीनिचच्याच एका शाळेच्या हेडमास्तरांनी वर्गातल्या मुलांपुढे मंगळाचं चित्र टांगलं. चित्रात कालवे नव्हते. होते फक्त गडद डाग, फिकट छटा आणि विखुरलेले ठिपके. मुलांना वेगवेगळ्या अंतरावर बसवलं आणि सांगितलं, दिसेल तसं काढा. पुढच्या बाकांवरच्या मुलांनी ठिपके काढले. अगदी मागच्यांना ठळक डागांपलीकडे काही दिसलं नाही. मधल्या बाकांवरच्या अनेक मुलांनी मात्र सरळ रेषा काढल्या, चक्क कालवे! ठिपके वेगळे दिसत नाहीत आणि पुरते पुसलेही जात नाहीत अशा अंतरावर डोळा आपण होऊन ते जोडून टाकतो. मुलांनी लबाडी केली नव्हती, आणि स्कियापारेल्लीनंही नाही. लॉवेलनं या प्रयोगाची टर उडवली. पण 1909 साली पॅरिसजवळच्या म्यूदोंला युजीन अंतोनियादीनं 83 सेंटिमीटरच्या मोठ्या दुर्बिणीतून, हवा अगदी शांत असताना मंगळ पाहिला, तेव्हा रेषा विरघळून त्यांच्या जागी वेडेवाकडे डाग दिसले.

कुणी विचारेल, फोटो काढून टाकायचा की! तोही प्रयत्न झाला. 1905 साली लॉवेलच्या वेधशाळेत मंगळाचे फोटो घेतले गेले. पण बिंब इतकं चिमुकलं आलं, की ज्यांना कालवे हवे होते त्यांना ते दिसले आणि ज्यांना नको होते त्यांना दिसले नाहीत. अडचण होती हवेची. तापलेल्या डांबरी रस्त्यावर पलीकडचं झाड थरथरताना आपण पाहतो, तसंच आकाशातही चाललेलं असतं. फिल्मला पुरेसा उजेड मिळायला एक-दोन सेकंद लागत, आणि तेवढ्या वेळात बिंब डोलून सगळं लिंपून जाई. डोळ्याचं तसं नाही. हवा क्षणभर स्थिर झाली की त्या क्षणात तो बारीक तपशील टिपतो. म्हणूनच विसाव्या शतकातही कितीतरी वर्षं चांगल्या निरीक्षकाची पेन्सिल फोटोला भारी पडत होती. पण पेन्सिलीमागे मन असतं, आणि मनाची खात्री देता येत नाही.

आता वेबकॅमकडे येतो. 1991 साली केंब्रिजच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीच्या भांड्यासमोर एक कॅमेरा लावला होता. भांड्यात कॉफी उरलीय का, हे जागेवरूनच कळावं एवढाच हेतू. वेबकॅमच्या घराण्याचा मूळपुरुष तो! 1994 साली क्विककॅम हा घरगुती कॅमेरा बाजारात आला, आणि नाना देशांतल्या हौशी आकाशनिरीक्षकांनी असले कॅमेरे स्क्रू काढून उघडायला सुरुवात केली. त्यांना दिसलं, की आतल्या चकतीवर काही हजारो रुपयांच्या खगोलीय कॅमेऱ्यासारखीच सीसीडी चिप बसवलेली आहे. ही सीसीडी 1969 साली बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी शोधली. 2009 साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

फिलिप्सचा टूकॅम प्रो हा त्या काळातला सगळ्यांचा लाडका. आमच्या खोक्यातला तोच. थोरल्या पुतण्यानं 2002 साली जर्मनीहून येताना आणला होता, आईला, म्हणजे त्याच्या आजीला, पणतू दिसावा म्हणून. आमच्या मोडेमवर पणतूचं चित्र दहा-दहा सेकंद गोठायचं. आई म्हणायची, "पोर अगदी गुणाचं हो, जरा हलत नाही!" धाकटा पुतण्या तेव्हा इंजिनिअरिंगला होता. 2003 च्या ऑगस्टमध्ये त्यानं आजीची परवानगी काढून हा कॅमेरा ताब्यात घेतला.

हाच कॅमेरा का, हे त्यानं मला वहीवर लिहून समजावलं होतं. पहिलं कारण, स्वस्त वेबकॅममधल्या त्या वेळच्या सीमॉस चिपा अंधारात फार खरखरीत चित्र देत, आणि यात सोनीची सीसीडी होती. दुसरं, भिंग हातानं पिळून काढता येत होतं. ग्रहासाठी कॅमेऱ्याचं भिंग लागत नाही, दुर्बिणीचा आरसाच भिंगाचं काम करतो. तिसरं, चिपवरचे बिंदू बारीक होते, 640 गुणिले 480, प्रत्येकी 5.6 मायक्रॉनचा. आणि मुख्य म्हणजे ही डबी! दुर्बिणीच्या नेत्रिकेची नळी सव्वा इंचाची, आणि रोलची डबीही जवळजवळ तेवढीच. बूड कापलं, कॅमेऱ्यावर चिकटवली, झाला जोड तयार. एक खोच मात्र होती. भिंगाबरोबर अवरक्त किरण अडवणारी काचही निघून जाते. मग चिपला ते किरणही दिसू लागतात आणि रंग बिघडतात. त्यासाठी वेगळी गाळणी बसवावी लागते.

वेगाचीही गंमत होती. तेव्हाच्या यूएसबीतून फार चित्रं जात नसत. सेकंदाला 30 मागितली तर कॅमेरा ती दाबून, तपशील गाळून पाठवी. म्हणून 5 किंवा 10 वर समाधान मानायचं. दोन मिनिटं चित्रण केलं की हजारभर फ्रेम मिळतात. त्यातल्या बहुतेक थरथरलेल्या, पण काही नशिबानं शांत हवेच्या क्षणात सापडलेल्या. त्या शांत फ्रेम निवडून एकावर एक बसवायच्या. हॉलंडच्या कोर बेरेवूट्स यांनी रेजिस्टॅक्स नावाचा प्रोग्राम त्यासाठी लिहून फुकट वाटला. वर्ग एका सुरात पाढे म्हणतो तेव्हा एकेकाचा चिरका आवाज ऐकू येत नाही आणि पाढा तेवढा ऐकू येतो, तसंच हे. 400 फ्रेम रचल्या की खरखर विसाव्या हिश्शावर येते. म्हणजे मोठ्या निरीक्षकाचा डोळा जे क्षण वेचत होता, तेच आता यंत्र वेचू लागलं, आणि कच्चा माल मागे शिल्लक राहू लागला. कुणीही तो पुन्हा तपासावा.

आता माझा भाग. 27 ऑगस्ट 2003 ला मंगळ 5 कोटी 57 लाख किलोमीटरवर आला होता, सुमारे 60 हजार वर्षांतला सर्वांत जवळ. आपल्याकडे तेव्हा पावसाळा! सप्टेंबरात उघडीप मिळाली तेव्हा आमच्या शाळेत सहा इंची दुर्बीण लावली. विज्ञानाच्या सहकाऱ्यानं आरसा स्वतः घासून केलेली. मुलांची रांग शिस्तीत ठेवणं माझ्याकडे. मी प्रत्येकाला विचारत होतो, "मधला काळपट पट्टा दिसला ना?" प्रत्येक जण म्हणे, "दिसला सर." सातवीतला एक मुलगा मात्र म्हणाला, "नाही सर. नुसता तांबडा गोळा थरथरतोय." मी त्याला म्हटलं, "सगळ्यांना दिसतं आणि तुलाच कसं दिसत नाही? नीट बघ." त्यानं पुन्हा डोळा लावला आणि खाली मान घालून म्हणाला, "हो सर, दिसला." मी "शाब्बास" म्हटलं.

आठवड्यानं पुतण्यानं याच दुर्बिणीला गच्चीवर वेबकॅम जोडला. दुर्बिणीला मोटर नव्हती. बार्लो भिंग लावल्यावर मंगळ 20 सेकंदांत पडद्याच्या एका कडेहून दुसऱ्या कडेला जाई, की पुन्हा ढकलायची. बिंब जेमतेम 50 बिंदूंचं. संगणकावर ते चित्रण पाहिलं आणि मी गप्प झालो. पडद्यावर नुसता तांबडा गोळा थरथरत होता. पट्टा नव्हताच. रात्री उशिरा फ्रेम निवडून, रचून झाल्यावर गोळ्यावर काळपट डाग हळूच वर आला. पुतण्या आनंदानं ओरडला. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ती खाली घातलेली मान होती.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात तो फोटो दाखवला, कौतुकही करून घेतलं. पण तो मुलगा खरं बोलला होता, हे चारचौघांत म्हणायचं धाडस झालं नाही. माँडरचा प्रयोग निवृत्तीनंतर वाचला तेव्हा ती टोचणी पुन्हा जागी झाली. माँडरनं मुलांना काय दिसायला हवं ते सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं, आणि नाही म्हणणाऱ्याला हो म्हणायला शिकवलं होतं.

त्या वेबकॅमचं पुढे काय झालं? ते कॅमेरे बाजारातून गेले. ग्रहांसाठी खास कॅमेरे आले, आणि ज्या सीमॉसला आम्ही नावं ठेवली त्याच चिपा सुधारून सीसीडीच्या पुढे गेल्या. रीत मात्र तीच राहिली. फिलिपिन्समधल्या ख्रिस्तोफर गो यांनी 2006 साली गुरूवरचा एक पांढरा डाग लाल झालेला पकडला. 19 जुलै 2009 ला ऑस्ट्रेलियातल्या अँथनी वेस्ली यांना घरच्या दुर्बिणीत गुरूवर नवा काळा व्रण दिसला. काहीतरी गुरूवर आदळलं होतं, आणि त्यांनी कळवल्यावर मोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या. यंत्रावरही आंधळा विश्वास नको, हेही खरं. फोटो फार धारदार करायला गेलं की बिंबाभोवती नसलेली कडी उमटतात. कालवे संगणकालाही काढता येतात!

तो मुलगा आता पस्तिशीत असेल. कुठे आहे ठाऊक नाही. तो हे वाचेल अशी आशा नाही, पण लिहून ठेवतो: बाळ, तुला दिसलं तेच खरं होतं.

असो. डबीवाला वेबकॅम आता माळ्यावर परत जाणार नाही. माझ्या टेबलावर, खडूच्या डब्याशेजारी ठेवलाय.