पळीभर तेल आणि वाचनयंत्र

आमचे एक स्नेही आहेत. सारी नोकरी चाळीसगावात झाली, शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. त्यांना गावात सगळे 'सर' म्हणतात, आपणही तेच म्हणू. सरांना वाचनाचं वेड. पण गेल्या दोन वर्षांत डोळ्यांनी दगा दिला. वाचनालयातून आणलेलं पुस्तक चार पानांवर मिटून ठेवावं लागतं. मागच्या दिवाळीत मुलगी पुण्याहून आली आणि म्हणाली, "बाबा, ते वाचायचं यंत्र मिळतं, ते तुम्हाला घेऊन देते. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं." किंमत ऐकून सर दचकले. २०२५ च्या एप्रिलमध्ये भारतात आलेल्या नव्या किंडल पेपरव्हाइटची किंमत होती १६,९९९ रुपये.

दुसऱ्या दिवशी सर माझ्याकडे आले. म्हणाले, "तुम्ही इतिहासवाले. सांगा बरं, घ्यावं का हे? पैसे मुलीचे, पण पैसेच ना! आणि दुसरं असं, की माझी पुस्तकं मी नातवासाठी ठेवतोय. या यंत्रातली पुस्तकं त्याला देता येतील का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कोणताही दुकानदार देईल. दुसरा प्रश्न ऐकला आणि मला आपल्या तालुक्यातलं पाटण आठवलं.

चाळीसगावहून अठरा-वीस किलोमीटरवर, गौताळ्याच्या डोंगरकुशीत पाटणादेवी आहे. नवरात्रात आपण सारे तिथे जातो, दर्शन घेतो, डबा खातो आणि परततो. त्या परिसरातला एक शिलालेख मात्र फार थोडे लोक लक्षपूर्वक पाहतात. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ च्या सुमारास तो विद्वानांच्या नजरेस आणला आणि पुढे कीलहॉर्न या जर्मन पंडितानं त्याचं वाचन प्रसिद्ध केलं. हा लेख एका नातवानं आजोबांच्या पुस्तकासाठी केलेल्या व्यवस्थेचा आहे.

आजोबा म्हणजे भास्कराचार्य. त्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला. आपल्या सगळ्यांच्या ओळखीची 'लीलावती' हा त्याचाच एक भाग. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी पंडित झाला आणि नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. या चांगदेवानं पाटणला मठ काढला. कशासाठी? आजोबांचे ग्रंथ आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ तिथे शिकवले जावेत म्हणून. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं शके ११२८ च्या श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या पर्वावर, त्या मठाला दान दिलं. आजच्या गणनेनं ती तारीख येते ९ ऑगस्ट १२०७.

लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. पण देण्याघेण्याच्या तपशिलाशी आल्यावर भाषा बदलते आणि त्या काळची मराठी सुरू होते. ज्यांच्याकडून वसूल करायचं त्यांना कळायला हवं ना! बाजारातल्या मालावरचा हक्क मठाला दिला आहे, आणि तेल्याच्या घाण्यामागे पळीभर तेलही. तेल नेमकं कशाकशाला लागलं असेल ते असो. पण रात्री पोथी वाचायची तर दिवा हवा आणि दिव्याला तेल हवं, एवढं आपण घरच्या अनुभवावरून सांगू शकतो.

आता यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी. चांगदेवानं 'लीलावती' दगडावर कोरून ठेवली नाही. दगड सर्वांत टिकाऊ, तरी नाही. दगडावर कोरली ती व्यवस्था. कोण शिकवणार, खर्च कुठून येणार, तेल कोण देणार. ग्रंथ टिकतो तो माणसांनी तो वाचत, उतरवत आणि शिकवत राहावं म्हणून कुणीतरी सोय केली तर, हे त्या ज्योतिष्यानं ओळखलं होतं.

तो मठ आज उभा नाही. घाण्याचं तेल बंद होऊनही शतकं लोटली. पण 'लीलावती' राहिली, कारण तोवर तिच्या नकला देशभर झाल्या होत्या. १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीनं ती फारसीत नेली. १८१७ मध्ये कोलब्रुकनं तिचं इंग्रजी भाषांतर छापलं. एक जागा मोडली तरी ग्रंथ दुसऱ्या जागी होता, आणि त्याची नक्कल करायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

मग छापखाना आला, आणि सरांना आज पडला तसा प्रश्न तेव्हा आपल्या पणजोबा-खापरपणजोबांना पडला. छापील पोथी घ्यावी का? ती शुद्ध की अशुद्ध? शाईत चरबी असते म्हणून अनेक घरांत छापील कागदाला हात लावत नसत. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढलं आणि धर्मग्रंथांच्या शाईत चरबीऐवजी तूप वापरल्याचं सांगतात. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागरच्या सुबक टाइपानं तर छापील अक्षराची गोडीच लागली. शंका विरली ती दोन कारणांनी. पुस्तक स्वस्त झालं, आणि एकदा विकत घेतलं की ते पूर्णपणे आपलं झालं. वाचा, शेजाऱ्याला द्या, मुलाला ठेवा, रद्दीत घाला, विचारणारं कोणी नाही.

आपल्या खान्देशात तर अशा सोपवण्याचं फार मोठं उदाहरण आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. ओव्या आणि गाणी त्यांच्या ओठांवर होती. घरातल्यांनी, मुलानं, सोपानदेवांनी, ती टिपून ठेवली. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या, आणि आचार्य अत्र्यांच्या आग्रहानं १९५२ मध्ये ती गाणी पुस्तकरूपात आली. वहीत उतरवून घेणारं कोणी नसतं, तर ते धन असोद्याच्या आणि जळगावच्या मातीतच राहिलं असतं.

आता वाचनयंत्राकडे वळू. त्याची गंमत त्याच्या पडद्यात आहे. अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेत जोसेफ जेकबसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे काम केलं आणि १९९७ मध्ये 'ई इंक' ही कंपनी निघाली. पडद्यात केसाच्या जाडीच्या लाखो कुप्या असतात. प्रत्येकीत पांढरे आणि काळे कण, त्यांचे विद्युतभार परस्परविरुद्ध. विजेचा इशारा मिळाला की काळे वर येतात किंवा पांढरे वर येतात, आणि अक्षर उमटतं. एकदा उमटलं की ते टिकवायला वीज लागत नाही. म्हणून एकदा चार्ज केलेलं यंत्र काही आठवडे चालतं. मोबाइलचा पडदा डोळ्यांत उजेड फेकतो. हा पडदा कागदासारखा बाहेरच्या उजेडात वाचता येतो, भर दुपारी अंगणात बसूनसुद्धा. नव्या यंत्रांत रात्रीसाठी कडेनं मंद दिवेही असतात. चांगदेवाच्या पळीभर तेलाची सोय कंपनीनं यंत्रातच केली म्हणायची!

सोनीनं २००४ मध्ये जपानात असं यंत्र आणलं. १९ नोव्हेंबर २००७ रोजी अमेरिकेत ॲमेझॉनचं किंडल आलं, किंमत ३९९ डॉलर. आपल्याकडे अहमदाबादच्या इन्फीबीम कंपनीनं २०१० मध्ये भारतीय भाषांची सोय असलेलं 'पाय' हे यंत्र ९,९९९ रुपयांना काढलं. आज ते बाजारात दिसत नाही. किंडलचं भारतीय दुकान २०१२ मध्ये सुरू झालं, पण मराठी पुस्तकं तिथे रीतसर यायला १ डिसेंबर २०१६ उजाडावं लागलं.

सरांना मी आधी हिशेब मांडून दाखवला. सतरा हजारांत तीनशे रुपयांची छापन्न पुस्तकं येतात. ई-पुस्तक छापील प्रतीपेक्षा शंभर रुपयांनी स्वस्त मिळालं असं धरलं, तर यंत्राचे पैसे वसूल व्हायला एकशे सत्तर पुस्तकं विकत घ्यावी लागतील. वाचनालयाच्या वर्गणीवर वाचणाऱ्या माणसाला हा सौदा परवडत नाही. पैशासाठी घेऊ नका, म्हटलं.

मग नातवाचा प्रश्न. इथे उत्तर कडू आहे. कंपनीच्या दुकानातून आपण ई-पुस्तक 'घेतो', तेव्हा हाती येतो तो वाचण्याचा परवाना, आणि तो आपल्या नावापुरता असतो. २००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉननं हक्काच्या वादावरून जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' ही पुस्तकं ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतली. पैसे परत केले, कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. पण कपाटातलं पुस्तक दुकानदार रात्री येऊन घेऊन जाऊ शकतो, हे त्या दिवशी कळलं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं आणि विकलेली सगळी पुस्तकं उघडेनाशी झाली. तिथेही पैसे परत मिळाले, पुस्तकं मिळाली नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉननं दुकानातलं पुस्तक आपल्या संगणकावर उतरवून तारेनं यंत्रात घालण्याची जुनी सोयही बंद केली.

पाटणच्या मठाशी ताडून पाहा. तिथे मठ मोडला तरी ग्रंथ राहिला, कारण नकला लोकांच्या हाती होत्या. इथे नक्कल करायला कुलूप आहे आणि किल्ली कंपनीकडे आहे.

सर हिरमुसले. मी म्हटलं, थांबा, अजून एक बाजू आहे. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो आणि पुस्तक सगळ्यांचं होतं. अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवणारे साने गुरुजी १९५० मध्ये गेले. त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त आहे. मराठी विकिस्रोतावर लोकांनी टंकलिखित केलेली जुनी पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. ई-साहित्य प्रतिष्ठानसारखी मंडळी लेखकांच्या संमतीनं पुस्तकं विनामूल्य देतात. या पुस्तकांना कुलूप नाही. ती यंत्रात घाला, संगणकात ठेवा, नातवाला पाठवा.

एक सावधगिरी मात्र हवी. जुन्या मराठी पुस्तकांच्या ज्या प्रती मिळतात, त्यांतल्या पुष्कळशा म्हणजे पानांचे फोटो असतात. फोटोतलं अक्षर यंत्राला अक्षर म्हणून कळत नाही. सहा-सात इंचांच्या पडद्यावर ते पान मुंगीएवढं दिसतं, मोठं करावं तर ओळ कडेबाहेर जाते. म्हणजे ज्याला अक्षर मोठं हवं, त्याच्याच कामाचं ते नाही. इतिहासाची साधनं, जुनी मासिकं, गॅझेटिअर वाचणाऱ्यांनी म्हणूनच हे छोटं यंत्र घेताना दहादा विचार करावा.

शेवटी एका ओळखीच्या तरुणाकडून यंत्र पंधरा दिवसांसाठी मागून आणलं. घ्यायचं की नाही हे ठरवण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. त्यात 'श्यामची आई' घालून दिली, अक्षर मोठं केलं आणि सरांच्या हाती दिलं. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. "दीडशे पानं झाली," ते म्हणाले. आवाज असा, की जणू कुणी त्यांना सायकल परत चालवायला दिली.

सरांनी यंत्र घेतलं. पण अटी घालून घेतलं. एकदा वाचून सोडायचं ते यंत्रावर. जे नातवापर्यंत जायला हवं ते कागदावरच घ्यायचं, मग स्वतःला वाचता येवो न येवो. कुलूप नसलेल्या पुस्तकांची एक प्रत मुलीच्या संगणकात ठेवायची. आणि वाचनालयाची वर्गणी चालूच ठेवायची. हे शेवटचं मला फार आवडलं. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "मी पुस्तक नेलं नाही तरी कुणीतरी नेईल. घाण्यामागे पळीभर तेल द्यायचं असतं ना!"

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)