चित्रपट कोणी पाहावा, हे कोणी ठरवावे?

चित्रपटगृहातील दिवे मालवले की प्रथम पडद्यावर येतो तो सेन्सॉरचा दाखला. अमरावतीचे काय किंवा अकोल्याचे काय, प्रेक्षक तो क्वचितच वाचतात. रिळे किती आहेत एवढे पाहिले की झाले. परंतु त्या कागदावरील एकदोन अक्षरांमागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो सारा ‘प्रजेला कितपत कळते?’ या प्रश्नाभोवती फिरतो, असे आम्हांस वाटते.

इंग्रज सरकारने सिनेमाचा कायदा केला तो 1918 साली. 1920 मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे तपासणी मंडळे बसली. आपला वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला; त्या प्रांताला स्वतःचे मंडळ नव्हते. एका मंडळाचा दाखला देशभर चाले. मात्र जिल्हा मॅजिस्ट्रेटला तो आपल्या जिल्ह्यापुरता तहकूब करता येई. म्हणजे मुंबईने पास केलेले चित्र अमरावतीत अडवण्याची सोय होतीच!

या व्यवस्थेत वयाचा विचारच नव्हता. चित्र एकतर सर्वांना योग्य, नाहीतर कोणालाच नाही. सत्तर वर्षांचे आजोबा आणि सात वर्षांचा नातू सरकारच्या लेखी सारखेच अजाण. मुंबईच्या मंडळाचे अध्यक्षपद पोलीस कमिशनरांकडे होते, यातच सरकारला भीती कशाची होती ते उघड होते. 1921 च्या ‘भक्त विदुर’मध्ये विदुराच्या अंगी गांधीजींचा वेष व छाप दिसली, म्हणून मद्रासेत त्यावर बंदी आली. प्रभातच्या ‘स्वराज्याचे तोरण’ला 1930 साली ‘उदयकाल’ व्हावे लागले, कारण ‘स्वराज्य’ हा शब्दच नको होता. पुढे 1935 मध्ये बालगंधर्वांनी एकनाथांची भूमिका केलेला ‘महात्मा’ निघाला. त्याचाही ‘धर्मात्मा’ झाला. पैठणच्या नाथांना महात्मा म्हणण्यात मुलांचे काय बिघडणार होते? बिघडणार होते ते राज्यकर्त्यांचे.

स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन प्रथमच वय आले. ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी आणि ‘ए’ म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी. ही अक्षरे इंग्लंडातली, तेथे ती 1913 पासून होती. पण तेथील ‘ए’ चित्राला मूल आईबापांबरोबर जाऊ शके. आपण अक्षर घेतले आणि दार मात्र बंद केले. 1951 मध्ये मध्यवर्ती मंडळ आले, 1952 मध्ये नवा कायदा झाला. प्रौढांना प्रौढ म्हटले खरे, पण कात्री काही खाली ठेवली नाही.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी चार शहरांतील श्रीमंती व दारिद्र्य दाखवणारा लघुपट केला, त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीचे दृश्य होते. मंडळाने ‘ए’ ठरवले. ‘यू’ हवा तर काटछाट करा, असे उत्तर मिळाले. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारने काटछाटीविना ‘यू’ देण्याचे कबूल केले, तरी त्यांनी मूळ प्रश्न सोडला नाही. 1970 चा निकाल दिला सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी, म्हणजे नागपूरला वकिली करून मध्यप्रांत-वऱ्हाडचे ॲडव्होकेट जनरल झालेल्या आपल्या परिचयाच्या गृहस्थांनी. पूर्वतपासणी त्यांनी वैध ठरवली, ‘यू’ व ‘ए’ हा भेदही रास्त मानला. अब्बास हरले असे म्हणावे, तर त्यांचा लघुपट अखंड सुटला!

1983 मध्ये मंडळाच्या नावातील ‘सेन्सॉर’ जाऊन प्रमाणन आले, आणि ‘यूए’ व ‘एस’ ही अक्षरे वाढली. ‘एस’ हा डॉक्टरांसारख्या विशिष्ट वर्गापुरता. ‘यूए’मध्ये बारा वर्षांखालील मुलाला चित्र दाखवावे की नाही, हे पालकांनी ठरवायचे. आमच्या मते या इतिहासातील खरे वळण हेच. निर्णयाचा काही भाग कचेरीतून प्रथमच माजघरात आला. कात्री मात्र चालूच होती; दाखल्यावर त्रिकोण दिसला की काटछाट झाली असे समजावे.

1956 साली वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघाला, पण चित्रपटधंद्यात ‘सी. पी. बेरार’ हा विभाग कायम राहिला. अमरावती हे त्यातील वितरकांचे जुने ठाणे. येथून रिळांच्या पेट्या गावोगाव जात, आणि प्रत्येक प्रतीच्या आरंभी तो दाखला. त्याचा अंमल करायचा तो दारावरच्या माणसाने. मिसरूड फुटलेल्या पोराचे वय त्याने कशावरून ओळखावे?

2023 च्या दुरुस्तीने ‘यूए’च्या सात, तेरा व सोळा वर्षे अशा तीन पायऱ्या केल्या. त्या पालकांसाठी सूचना आहेत. दारावर अडवायचे ते ‘ए’ला. गंमत अशी की या पायऱ्या चित्रगृहात येण्यापूर्वीच, 2021 च्या नियमांनी, इंटरनेटवरून घरी दिसणाऱ्या चित्रांना लागल्या होत्या. तेथे वर्गवारी चित्रे पुरवणाऱ्या कंपन्याच करतात, आणि दारावर कोणी उभे नसते.