असरची सावली आणि कोनाचा शोध

आपल्या मशिदींत नमाजच्या वेळांचा तक्ता टांगलेला असतो. अनेक तक्त्यांत असरच्या पुढे दोन वेळा छापलेल्या आढळतात, एक शाफई आणि दुसरी हनफी. कोकणातील मुसलमान बहुतांशी शाफई आणि घाटावरचे बहुतांशी हनफी, त्यामुळे हा फरक आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. त्यामागे एक काटकोन त्रिकोण उभा आहे, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

नियम साधा आहे. भर दुपारी वस्तूची सावली सर्वांत आखूड असते. त्या सावलीत वस्तूच्या उंचीइतकी भर पडली की शाफई असर सुरू होते. उंचीच्या दुप्पट भर पडली की हनफी असर. जुने ज्योतिर्विद यासाठी बारा अंगुळांची काठी धरीत. काठी ही एक बाजू, सावली ही दुसरी आणि दोहोंची टोके जोडणारा सूर्यकिरण हा कर्ण. मुंबईत मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात अशा काठीची दुपारची सावली सुमारे पाच अंगुळे पडते. म्हणजे शाफई असरला ती सतरा अंगुळे होईल आणि हनफी असरला एकोणतीस. आता सूर्य क्षितिजापासून किती अंश वर आहे?

शाळेत आपण कोनावरून गुणोत्तर काढतो. इथे गुणोत्तर हाती आहे, १२ भागिले १७, आणि कोन हवा आहे. उलट वाटेने गेले की उत्तर येते सुमारे ३५ अंश. १२ भागिले २९ घेतले तर सुमारे साडेबावीस अंश. हा उन्नतांश कळला की त्यावरून घटका काढता येते. या उलट वाटेलाच आज व्यस्त त्रिकोणमितीय फल म्हणतात.

ही वाट एकट्या कुणी बांधलेली नाही. आर्यभटांनी इ. स. ४९९ मध्ये २४ ज्यांची सारणी दिली. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी आणि चाप म्हणजे धनुष्य. दोरीची लांबी कळल्यावर धनुष्याचा बाक किती, हाच तो उलटा प्रश्न. ‘जीवा’ हा शब्द अरबीत ‘जीबा’ झाला, पुढे ‘जैब’ असा वाचला गेला आणि बाराव्या शतकात लॅटिनमध्ये ‘सायनस’ बनला. चापाला अरबांनी ‘कौस’ म्हटले. आपल्या उर्दूतल्या कौस-ए-कुझहमधला तोच हा कौस. इंग्रजी ‘आर्कसाइन’मधल्या ‘आर्क’चे मूळही लॅटिनमधल्या धनुष्यातच आहे.

नवव्या शतकात मर्वच्या हबश अल-हासिब यांनी सावल्यांची सारणी रचली. सारणीत सावलीचा आकडा शोधायचा आणि शेजारचा कोन वाचायचा, एवढे सोपे काम झाले. दहाव्या शतकात बगदादचे अबुल वफा यांनी या सारण्या अधिक अचूक केल्या. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्या मशिदीत इब्न अल-शातिर हे मुवक्कित होते. नमाजच्या वेळा काढणे हेच त्यांचे पद होते.

अल-बिरुनी यांनी तर सावल्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात एक मार्मिक हकीकत आहे. नमाजची वेळ काढण्याच्या एका यंत्रावर रोमन महिने कोरलेले होते, म्हणून एका दीनदार गृहस्थाने ते नाकारले. अल-बिरुनी यांनी उत्तर दिले ते असे की, रोमन लोक जेवतातही, मग जेवणातही त्यांचे अनुकरण करू नये!

हे उत्तर आम्हा शिक्षकांना आजही उपयोगी पडते. गणित ‘त्यांचे’ म्हणून दूर सारणारी मुले आमच्या वर्गात असतात. सारे काही ‘आमचेच’ होते असे छातीठोक सांगणारे वडीलधारेही समाजात भेटतात. दोघेही ज्ञानाला पारखे होतात. इंग्लंडच्या जॉन हर्शेलने १८१३ साली या फलांसाठी उणे एक घातांकाची खूण रूढ केली. ती पाहून मुले ‘एक भागिले साईन’ असा अर्थ लावतात आणि गुण गमावतात. त्यांना आम्ही एवढेच सांगतो: ही भागाकाराची खूण नव्हे, मागे वळण्याची आहे. दोरीवरून धनुष्याकडे, सावलीवरून सूर्याकडे. हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती विद्वानांनी एकमेकांच्या हातून ही सारणी घेतली, तेव्हा कुठे आपल्या भिंतीवरच्या तक्त्यात असरची वेळ मिनिटापर्यंत छापता आली.