सीनच्या काठचा उन्हाळा

पॅरिसचा उन्हाळा म्हटला म्हणजे प्रवाशांना लूव्हर आठवते, आयफेल मनोरा आठवतो. खुद्द तेथील कष्टकरी रहिवाशाचा उन्हाळा मात्र एका साध्या प्रश्नाभोवती फिरत आला आहे : दारावरून वाहणारी सीन नदी त्याची आहे की नाही?

1780 नंतरच्या दशकात शहराभोवती जकातवसुलीसाठी भिंत उभारण्यात आली. भिंतीच्या आत येणाऱ्या वाइनवर कर पडे. बाहेर तीच वाइन स्वस्त मिळे. साहजिकच रविवारी कारागीर, शिवणकाम करणाऱ्या मुली आणि दुकानांतील कारकून वेशीबाहेरची वाट धरीत. झाडांखाली मांडलेली बाके, तळलेले मासे आणि वाद्यांच्या तालावर चाललेले नृत्य, असा तेथला थाट असे. अशा खानावळींना 'गँगेत' म्हणत. जुलै 1789 मध्ये बास्तीयचा किल्ला पडण्यापूर्वीच जमावाने जकातनाकी पेटविली होती. क्रांतीचा इतिहास सांगताना वाइनच्या किमतीचा उल्लेख सहसा होत नाही, तो व्हावयास हवा.

1837 मध्ये पॅरिसहून ल पेकपर्यंत आगगाडी सुरू झाली आणि पश्चिमेकडील नदीची रम्य वळणे सामान्यांच्या आवाक्यात आली. क्रुआसी गावाजवळ 'ला ग्रनुयेर' नावाचे तरंगते उपाहारगृह होते. शेजारीच पोहण्याची आणि नौकाविहाराची सोय. 1869 च्या उन्हाळ्यात क्लोद मोने आणि ओग्यूस्त रनुआर हे दोन तरुण चित्रकार तेथे शेजारी-शेजारी चित्रे रंगवीत बसले. दोघांचेही खिसे रिकामे होते. पाण्यावर थरथरणारे ऊन तुटक, झरझर ओढलेल्या फटकाऱ्यांनी पकडण्याचा त्यांचा तो खटाटोप होता. पुढे 'इंप्रेशनिझम' या नावाने गाजलेल्या चित्रपद्धतीची घडण येथे होत होती. गंमत अशी, की मोनेचे त्यांपैकी एक चित्र आज न्यूयॉर्कला आहे आणि रनुआरचे एक स्टॉकहोमला! मात्र मोंमार्त्र टेकडीवरील नृत्याचे रनुआरचे 1876 चे चित्र पॅरिसमध्येच, सीनकाठच्या ओर्से संग्रहालयात पाहावयास मिळते. ही इमारतही मूळची 1900 सालची आगगाडीचे स्थानक. तिचे संग्रहालय झाले ते 1986 मध्ये.

त्याच 1900 साली ऑलिंपिकच्या पोहण्याच्या शर्यती सीनच्या पात्रात झाल्या. पुढे तेवीस वर्षांनी, 1923 मध्ये, शहरातील नदीत पोहण्यास बंदी आली. 1936 मध्ये लेओं ब्लूम यांच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली आणि तिकिटांत सवलतही मिळाली. हजारो कुटुंबांनी समुद्र प्रथमच पाहिला. ज्यांना तेवढाही खर्च झेपत नसे, ते शहरातच राहिले, आणि नदी त्यांना वर्ज्यच राहिली. 1967 मध्ये तर उजव्या काठावरून मोटारींचा द्रुतमार्ग काढण्यात आला. पाणी डोळ्यांना दिसे, पण मध्ये मोटारींची रांग!

2002 च्या उन्हाळ्यात महापौर बेर्त्रां दलानोए यांनी हाच रस्ता काही आठवडे बंद करून तेथे वाळू पसरली, ताडांची झाडे आणि आरामखुर्च्या मांडल्या. अनेकांना तो पोरखेळ वाटला. पण सुटीवर जाऊ न शकणाऱ्यांची मुले वाळूचे किल्ले बांधू लागली आणि हा प्रघात दरवर्षीचा झाला.

पाण्यात उतरणे त्याहून अवघड ठरले. 1990 मध्ये तत्कालीन महापौर जाक शिराक यांनी सीनमध्ये स्वतः पोहून दाखविण्याचे वचन दिले होते; ते त्यांच्या हातून पुरे झाले नाही. खरी अडचण पावसाची : मुसळधार पावसात जुनी गटारे तुंबून मैला नदीत उतरे. 2024 च्या ऑलिंपिकपूर्वी सुमारे 140 कोटी युरो खर्चून हे काम हाती घेण्यात आले. ओस्तेरलित्झ स्थानकाजवळ पावसाचे पाणी साठविण्यासाठी भूमिगत टाकी बांधण्यात आली. तरीही पावसामुळे पुरुषांची ट्रायथलॉन शर्यत एक दिवस पुढे ढकलावी लागली.

अखेर 5 जुलै 2025 रोजी शहरातील तीन ठिकाणी नदी सर्वांसाठी, विनामूल्य, खुली झाली. त्यांतील एक जागा नोत्र-दामपासून थोड्याच अंतरावर आहे. तेथे रोज पाण्याची तपासणी होते आणि पाणी योग्य नसेल त्या दिवशी लाल निशाण चढते.