सतरा नोव्हेंबर : प्रागची विद्यापीठे आणि विद्यार्थी

विद्यार्थ्यांच्या चळवळींचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रायः मागण्यांकडे व घोषणांकडे जाते. मोर्चा कोणत्या दिवशी निघाला आणि कोणत्या वाटेने गेला, ही बाब किरकोळ तपशिलाची म्हणून सोडून दिली जाते. चेकोस्लोव्हाकियाच्या बाबतीत मात्र दिवस आणि वाट यांचाच विचार आधी करावा लागतो. १७ नोव्हेंबर १९८९ रोजी प्रागच्या आल्बेर्तोव या भागातून निघालेल्या मिरवणुकीस रीतसर परवानगी होती. समाजवादी युवक संघाची नगरशाखा व काही स्वतंत्र विद्यार्थी यांनी मिळून ती योजिली होती, आणि तिचे निमित्त पन्नास वर्षांपूर्वीच्या एका हत्याकांडाचे स्मरण हे होते. सत्तेने स्वतःच जतन केलेली तिथी सत्तेवरच उलटावी, याची कारणे त्या तिथीच्या पूर्वेतिहासातच शोधली पाहिजेत.

२८ ऑक्टोबर १९३९ रोजी, नाझी अंमलाखालील प्रागमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या निदर्शनांवर गोळीबार झाला. त्यात जखमी झालेला वैद्यकाचा विद्यार्थी यान ओप्लेताल ११ नोव्हेंबरला मरण पावला. १५ तारखेस आल्बेर्तोवहून निघालेल्या त्याच्या अंत्ययात्रेचे निदर्शनात रूपांतर झाले. १७ तारखेस नऊ जणांना देहदंड देण्यात आला, बाराशेच्या आसपास विद्यार्थ्यांची साक्सेनहाउसेनच्या छळछावणीत रवानगी झाली आणि सर्व चेक महाविद्यालयांना टाळे लागले. टाळे तीन वर्षांचे म्हणून जाहीर झाले होते. उघडले ते युद्ध संपल्यावर. १९४१ साली लंडनमध्ये हा दिवस आंतरराष्ट्रीय विद्यार्थी दिन म्हणून घोषित झाला.

१९४८ नंतरच्या राजवटीस हा दिवस सोयीचा वाटला, यात नवल नाही. फासिझमविरोधी हुतात्म्यांचे स्मारक आपलेच, अशी तिची धारणा होती. वस्तुतः त्याच राजवटीने सत्ता घेताना, २५ फेब्रुवारी १९४८ रोजी, राष्ट्राध्यक्षांच्या निवासाकडे निघालेला विद्यार्थ्यांचा मोर्चा पोलिसांकरवी उधळला होता आणि पुढे शेकडो अध्यापक-विद्यार्थ्यांना विद्यापीठांतून बाहेर काढले होते. १९५० च्या कायद्याने विद्यापीठांची स्वायत्तताही संपुष्टात आली. १३४८ साली स्थापन झालेल्या चार्ल्स विद्यापीठाचे पूर्ववैभव समारंभांपुरते उरले.

पुढील ठिणगी पडली ती एका अगदी क्षुल्लक गैरसोयीमुळे. स्त्राहोवच्या वसतिगृहांतील वीज वरचेवर जात असे. ३१ ऑक्टोबर १९६७ च्या रात्री ती पुन्हा गेली, तेव्हा विद्यार्थी मेणबत्त्या घेऊन शहराच्या दिशेने निघाले. कथाकार यान नेरुदा याचे नाव धारण करणाऱ्या रस्त्यावर पोलिसांनी त्यांना अडवून मारहाण केली व वसतिगृहांपर्यंत त्यांचा पाठलाग केला. ‘आम्हाला स्व्येत्लो हवे’ ही त्यांची घोषणा होती. मराठी भाषांतरकारापुढे येथे एक पेच उभा राहतो. खोलीत दिवा लागला की होतो तो ‘उजेड’. बुद्धीस जो लाभावा तो ‘प्रकाश’. चेक भाषेत दोहोंस एकच शब्द पुरतो. विद्यार्थी खरोखरच उजेड मागत होते, अभ्यासाकरिता मागत होते. सत्ताधाऱ्यांनी मात्र त्या शब्दाचा दुसरा अर्थ घेतला आणि लाठ्या उगारल्या. तो अर्थ त्या क्षणी विद्यार्थ्यांच्या मनात कितपत होता, हा प्रश्न गौण आहे. लाठ्या पडल्यानंतर तो शब्दातून काढून टाकणे कोणासही शक्य राहिले नाही.

१९६८ च्या वसंतातील आशा ऑगस्टमध्ये रणगाड्यांखाली चिरडल्या गेल्या. १६ जानेवारी १९६९ रोजी तत्त्वज्ञान विद्याशाखेचा विद्यार्थी यान पालाख याने स्वतःस पेटवून घेतले. सेन्सॉरशिप रद्द करावी, ही त्याची एक मागणी होती. त्याच्या मृत्यूनंतरची वीस वर्षे उच्च शिक्षणाच्या इतिहासात विशेष चिंतनीय आहेत. पालकांच्या राजकीय वर्तनावरून मुलांचा प्रवेश नाकारला जाई. तत्त्वज्ञ यान पातोचका यांना १९७२ साली सक्तीने निवृत्त करण्यात आले; सनद ७७ चे प्रवक्ते या नात्याने झालेल्या चौकशांनंतर १९७७ च्या मार्चमध्ये त्यांचा अंत झाला. विद्यापीठ मग माजघरात शिरले. खाजगी घरांतून व्याख्याने होऊ लागली, आणि त्यांच्या साहाय्यार्थ १९८० साली ऑक्सफर्डमध्ये यान हुस यांच्या नावाने एक प्रतिष्ठान निघाले. अशाच एका वर्गाकरिता १९८१ च्या डिसेंबरात आलेले फ्रेंच तत्त्वज्ञ झाक देरिदा यांना मादक द्रव्ये बाळगल्याच्या बनावट आरोपाखाली अटक झाली. ज्या राजवटीस प्लेटोवरील व्याख्यानाची भीती वाटते, तिने साहित्यसमीक्षकांना अनवधानाने केवढा मान दिला आहे!

या पार्श्वभूमीवर १९८९ ची वाट पाहावी. आल्बेर्तोव येथे १९३९ च्या अंत्ययात्रेत सामील झालेल्या एका वृद्धाने भाषण केले. शहराच्या मध्यभागी जाण्यास मनाई असल्याने मिरवणूक व्हिशेहरादच्या टेकडीवर कवी कारेल हिनेक माखा याच्या समाधीपाशी गेली. हा कवी १८३६ साली वारला. सीमाप्रदेश जर्मनीने बळकावला तेव्हा, १९३८ साली, त्याच्या अस्थी लितोम्येरझित्से येथून हलविण्यात आल्या आणि १९३९ च्या मे महिन्यात त्या येथे पुरल्या गेल्या. तो दफनविधीही एक मूक निदर्शनच होता. अधिकृत कार्यक्रम समाधीपाशी संपला. तथापि, समुदाय परतला नाही. तो नारोद्नी रस्त्याकडे वळला आणि तेथे कोंडून शेकडो लोकांना झोडपण्यात आले. दुसऱ्या दिवशी नाट्यविद्येच्या विद्यार्थ्यांनी संप पुकारला, नट त्यांना मिळाले, आणि रंगमंचावरून नाटकांऐवजी निवेदने वाचली जाऊ लागली. २७ नोव्हेंबरला सार्वत्रिक संप झाला. २९ डिसेंबरला नाटककार वात्स्लाव हावेल राष्ट्राध्यक्ष झाले.

यापुढील इतिहास कमी नाट्यमय असल्याने परदेशी वाचक तो सहसा वाचत नाही. परंतु खरी कसोटी तेथेच आहे. १९९० च्या कायद्याने स्वायत्तता परत आली, १९९१ साली ओस्त्रावा, ओपावा, प्लझेन्य इत्यादी ठिकाणी नवी विद्यापीठे निघाली. १९९८ च्या कायद्यानुसार अधिसभेत विद्यार्थ्यांच्या जागा किमान एक तृतीयांश व कमाल निम्म्या असतात, आणि कुलगुरुपदाचा उमेदवार हीच अधिसभा निवडते. संपातून मिळालेला अधिकार अशा रीतीने कलमांत बांधला गेला. २०१२ साली सरकारने आणलेल्या सुधारणांचा रोख अधिसभेचे बळ कमी करण्याकडे व शुल्क लावण्याकडे आहे, असे दिसताच फेब्रुवारीच्या अखेरीस ‘अस्वस्थतेचा सप्ताह’ पाळण्यात आला आणि हजारो विद्यार्थी रस्त्यावर आले. शिक्षणमंत्री योसेफ दोबेश यांनी मार्चमध्ये राजीनामा दिला. कारण मात्र त्यांनी अंदाजपत्रकातील कपातीचे सांगितले. योजना बारगळली. सार्वजनिक विद्यापीठांत चेक भाषेतून नियत मुदतीत शिकणाऱ्यास आजही शुल्क पडत नाही, परभाषेतून शिकणाऱ्यास ते आकारता येते. मातृभाषेचा कैवार घेणाऱ्या भारतीय विद्यापीठांनी या तरतुदीकडे एकवार पाहावे.

पैशाचा प्रश्न अर्थात सुटलेला नाही. २८ मार्च २०२३ रोजी मानव्यविद्याशाखांतील अध्यापकांनी तुटपुंज्या वेतनाविरुद्ध निदर्शने केली, तेव्हा विद्यार्थी त्यांच्या बाजूस उभे राहिले. प्रागची तत्त्वज्ञान विद्याशाखा ज्या चौकात आहे, त्यास १९८९ च्या डिसेंबरपर्यंत सोव्हिएत लाल सैनिकांचे नाव होते. आता तो पालाखच्या नावाने ओळखला जातो. १७ नोव्हेंबर हा २००० सालापासून स्वातंत्र्य व लोकशाही यांच्या लढ्याचा दिवस म्हणून सार्वजनिक सुटीचा दिवस ठरला. त्या नावात १९३९ चे विद्यार्थी कोठेच नव्हते. ‘आंतरराष्ट्रीय विद्यार्थी दिन’ हे शब्द कायद्याने त्यात जोडले गेले ते २०१९ साली.