सरस सॉफ्टवेअर मागे का पडते : संगणकीय आरेखनाचा इतिहास

संगणकाच्या साहाय्याने यंत्रांची व इमारतींची आरेखने तयार करण्याच्या तंत्राला ‘कॅड’ असे म्हणतात. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये ‘स्केचपॅड’ ही प्रणाली सादर केली, तेव्हा पडद्यावर रेषा काढून ती हवी तशी बदलता येते हेच नवल होते. पुढे कॉम्प्युटरव्हिजन आणि इंटरग्राफ या कंपन्यांनी या क्षेत्रात आघाडी घेतली. दोन्हींची स्थापना १९६९ मधील. संगणक, पडदा, सॉफ्टवेअर आणि देखभाल असा संपूर्ण संच त्या विकत असत. एका आरेखकामागे येणारा खर्च अनेकदा लाख डॉलरच्या आसपास जाई. साहजिकच विमाने व मोटारी बनविणारे मोठे कारखाने हेच त्यांचे ग्राहक होते.

नोव्हेंबर १९८२ मध्ये लास वेगास येथील कॉमडेक्स प्रदर्शनात जॉन वॉकर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या ऑटोडेस्क या नवख्या कंपनीने ‘ऑटोकॅड’ मांडले. किंमत सुमारे एक हजार डॉलर. ते साध्या वैयक्तिक संगणकावर चाले, पण संथपणे. आणि त्यात केवळ द्विमितीय आरेखन करता येत असे. मोठ्या संचांशी त्याची तुलना करणेही त्या काळी हास्यास्पद ठरले असते.

परंतु ऑटोकॅड घेणाऱ्यांनी ती तुलना केलीच नाही. लहान वास्तुविशारद, छोटे कारखानदार, नळजोडण्यांचे ठेकेदार यांच्यासमोर पर्याय होता तो ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपरचा. एक भिंत हलविली तर संपूर्ण नकाशा नव्याने काढावा लागू नये, एवढीच त्यांची गरज होती. लाख डॉलरच्या संचाचे गुण त्यांच्या उपयोगाचे नव्हते. मोठ्या कंपन्यांना आपला एकही ग्राहक गमवावा लागला नाही, म्हणून त्यांनी या घडामोडीकडे दुर्लक्ष केले. व्यवहाराच्या दृष्टीने पाहता त्यांचे तेव्हा फारसे चुकलेही नव्हते.

त्यानंतर मात्र वैयक्तिक संगणक वर्षागणिक वेगवान होत गेले आणि त्या प्रगतीसाठी ऑटोडेस्कला स्वतः काही खर्च करावा लागला नाही. स्वतःची यंत्रे विकणाऱ्यांना तो भार वाहावा लागत होता. १९८६ मध्ये ऑटोकॅडमध्ये ‘ऑटोलिस्प’ ही भाषा आली. तिच्या आधारे बाहेरच्या लोकांनी नगररचना, पाइपजोडणी, पोलादी सांगाडे अशा कामांसाठी पूरक प्रणाली लिहिल्या. विशेषज्ञता आली, पण ती स्वस्त पायावर उभी राहिली. अभियंत्याने ‘डीडब्ल्यूजी’ फाइल पाठविली की ठेकेदारालाही तेच सॉफ्टवेअर घ्यावे लागे. ठिकठिकाणी शिकवणीवर्ग निघाले, प्रशिक्षित आरेखक सहज मिळू लागले. अनधिकृत प्रतींचाही या प्रसारात वाटा होता, हे नाकारता येणार नाही.

कॉम्प्युटरव्हिजन १९८८ मध्ये प्राइम कॉम्प्युटरकडे आणि १९९८ मध्ये पॅरामेट्रिक टेक्नॉलॉजीकडे गेली. ज्यांनी तिचे महागडे संच घेतले होते, त्यांच्यापुढे जुनी आरेखने नव्या प्रणालीत आणण्याचे काम उभे राहिले. चांगली वस्तू विकत घेणाऱ्यालाच अशा वेळी झळ बसते, ही बाब सहसा चर्चेत येत नाही.

महाग ते सारेच हरले, असे नव्हे. दासो कंपनीची ‘कॅटिया’ ही प्रणाली टिकली, कारण जून १९९४ मध्ये प्रथम उडालेल्या बोइंग ७७७ सारख्या विमानात दोन सुटे भाग एकमेकांना अडले तर होणारे नुकसान सॉफ्टवेअरच्या किमतीहून कितीतरी मोठे असते. तरीही १९९५ मध्ये विंडोजवर चालणारे व पुष्कळ स्वस्त ‘सॉलिडवर्क्स’ त्रिमितीय आरेखन घेऊन आले, तेव्हा दासोने १९९७ मध्ये ती कंपनीच विकत घेतली.

ऑटोडेस्कलाही पुढे असाच अनुभव आला. ‘डीडब्ल्यूजी’ फाइली वाचू शकणारी स्वस्त सॉफ्टवेअर १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून बाजारात येऊ लागली. २०१६ मध्ये ऑटोकॅडचा कायमस्वरूपी परवाना विकणे बंद होऊन वर्गणी सुरू झाल्यावर अनेक लहान कार्यालये त्यांच्याकडे वळली.